वाईच्या घाटाला जी मुभा, ती नटाला का नाही?

सातारा, सांगली, वाई, महाबळेश्वर भागातल्या मायबाप प्रेक्षकांस,



खुलं पत्र लिहायचं तर मंत्र्यांना, वाहिन्यांना किंवा नाट्य परिषदेला लिहायची आपल्याकडे रीत आहे. हे पत्र तुम्हाला आहे, कारण नटाचा शेवटचा निकाल मंत्रालयात लागत नाही. तो एसटीच्या सीटवर, पानपट्टीपाशी, लग्नाच्या पंगतीत आणि रात्री जेवणाच्या ताटासमोर लागतो. ‘हा दिसतोच हलकट.’ ‘ती तसलीच असणार, त्याशिवाय असला रोल घेईल का?’ ‘याला कुठं ॲक्टिंग येते, आहे तसाच वावरतो.’ ‘नुसता ओरडतोय.’ असलं मत द्यायला दोन सेकंद लागतात, आणि ते दिलं की आपण आमटीत मीठ कमी पडलंय का याकडे वळतो. मतं देऊ नका असं सांगायला मी बसलेलो नाही. मत नसलेला प्रेक्षक म्हणजे नुसती भरलेली खुर्ची. माझं म्हणणं एवढंच, की ही मतं वाटतात तितकी हलकी नसतात. त्यांनी माणसांची कामं ठरवली आहेत, काहींची बंद पाडली आहेत, आणि एका काळात तर निम्म्या समाजाला रंगमंचाबाहेर ठेवलं आहे. पुरावे शोधायला फार लांब जायला नको. बरेचसे आपल्याच दोन जिल्ह्यांत पडलेले आहेत.

सुरुवात वाईपासून करू. १९९७ च्या ‘मृत्युदंड’ चित्रपटात वाई-मेणवली बिहार झाली, २००३ च्या ‘गंगाजल’मध्ये वाई पुन्हा बिहार झाली. २००४ च्या ‘स्वदेस’मध्ये मेणवली हे उत्तर प्रदेशातलं चरणपूर होतं, आणि पुढं ‘ओंकारा’त, ‘दबंग’मध्येही या भागानं उत्तर प्रदेशाचीच वस्त्रं अंगावर चढवली. मेणवलीचा घाट नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा. खाली कृष्णा, वर देऊळ, आणि वसईच्या मोहिमेनंतर इथं आलेली पोर्तुगीज घंटा. हे सगळं ठाऊक असलेला मेणवलीकर ‘स्वदेस’ बघताना ‘हे चरणपूर नव्हेच, फसवलं’ म्हणून उठून जात नाही. उलट आपलं गाव दुसऱ्याचं सोंग किती झकास वठवतंय याचं त्याला कौतुक वाटतं. ‘गंगाजल’ची गोष्ट कैद्यांच्या डोळ्यांत ॲसिड ओतणाऱ्या पोलिसांची, ती वाईत चित्रित झाली म्हणून वाई क्रूर माणसांचं गाव ठरलं नाही. पाचगणीच्या न्यू इरा शाळेत ‘तारे जमीन पर’ झाला. त्यातले मास्तर छडी उगारणारे आहेत म्हणून त्या शाळेत मुलं घालू नका असं कुणी म्हटलं नाही. दगडाला, पाण्याला, इमारतीला आपण ही मुभा सहज देतो. भूमिका वेगळी आणि ती करणारा वेगळा, हे आपल्याला नीट कळतं. हाडामासाच्या नटापाशी आलो की मात्र हीच समज कुठं जाते, हा माझा प्रश्न आहे.

आणि ती जाते, याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे निळू फुले. ‘एक गाव बारा भानगडी’ १९६८ साली आला आणि त्यानंतर गावोगावच्या बायाबापड्यांनी या माणसाच्या नावानं बोटं मोडली. प्रत्यक्षातला माणूस कोण होता? राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतून आलेला समाजवादी कार्यकर्ता, पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, लोकनाट्यातून वर आलेला. ‘सामना’ चित्रपटातला हिंदुराव धोंडे-पाटील त्यांनी असा उभा केला, की ऊस आणि साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात प्रत्येकाला तो आपल्याच तालुक्यातला वाटला. ते जमलं, कारण ज्या सत्तेविरुद्ध निळूभाऊ आयुष्यभर उभे राहिले तिची चाल, तिचं हसणं, तिचं खुर्चीत रेलणं त्यांनी विरोधकाच्या नजरेनं टिपलेलं होतं. म्हणजे पडद्यावरचा सरंजामदार हा त्यांच्या विचारांचा पुरावा होता, आणि आपण तो त्यांच्या स्वभावाचा पुरावा मानला. याच माणसानं ‘सिंहासन’मध्ये दिगू टिपणीस हा पत्रकार केला. सगळं बघणारा, सगळं कळणारा आणि काहीच करू न शकणारा. त्या भूमिकेची आठवण किती जणांना पहिली येते? निळू फुले म्हटलं की बाईला वाड्यावर बोलावणारा संवाद तोंडी येतो. नकला करणाऱ्यांचा तर तो हुकमी एक्का. तो कोणत्या चित्रपटातला, कोणत्या प्रसंगातला, कुणाला उद्देशून, असं विचारलं की भलेभले चाचपडतात. भूमिका विसरली गेली आणि तिच्यावरून बनवलेलं चित्र तेवढं उरलं.

‘सामना’त निळूभाऊंच्या समोर होते डॉ. श्रीराम लागू. जन्म साताऱ्याचा, १९२७ चा. कान-नाक-घशाचे शल्यविशारद, पुढं डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट झाले आणि १९७० साली ‘नटसम्राट’मध्ये अप्पासाहेब बेलवलकर झाले. त्यांनी आत्मचरित्राला नाव दिलं ‘लमाण’. नट म्हणजे लेखकाचा माल प्रेक्षकापर्यंत वाहून नेणारा, ही त्यांची स्वतःच्या धंद्याबद्दलची समज. मला ती फार उपयोगाची वाटते. मालाची प्रत लेखकाची. तो वाटेत सांडला, भिजला की जसाच्या तसा पोचला, एवढी जबाबदारी वाहणाऱ्याची. गूळ कडू निघाला म्हणून आपण बैलगाडीवाल्याला कडू म्हणत नाही. निळूभाऊ आणि लागू या दोघांनी तनुजांसारख्या कलावंतांना बरोबर घेऊन आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले ते सामाजिक कृतज्ञता निधीसाठी. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना महिन्याचं मानधन मिळावं म्हणून उभा केलेला हा निधी, आणि त्यामागं साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर. ज्याच्या नावानं गावं बोटं मोडत होती तो माणूस त्याच गावांमधल्या कार्यकर्त्यांच्या चुली पेटत्या राहाव्यात म्हणून तोंडाला रंग लावत होता.

इथं तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, अहो, शिव्या हीच तर खलनायकाची दाद. लोकांनी तळतळाट दिला म्हणजे काम फत्ते. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि जुने खलनायक स्वतःही ती दाद म्हणून मिरवत. नाटक चालू असताना प्रेक्षागृहातून आलेला ‘मेल्या!’ हा मीही दादच मानतो. पण ही दाद थिएटरच्या दारात संपत नाही, तिथंच गडबड होते. ती पुढच्या निर्मात्याच्या कानावर जाते आणि तो म्हणतो, लोकांना हा असाच हवाय. ललिता पवारांचं बघा. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात सहनट भगवान यांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, आणि बऱ्या झाल्यावरही डाव्या डोळ्यात दोष राहिला. नायिकेची कामं थांबली. मग तो बारीक झालेला डोळा हाच कपटाचा डोळा ठरला, आणि पुढची कितीतरी वर्षं त्या छळवादी सासू झाल्या, शेवटी ‘रामायण’ मालिकेत मंथरा. म्हणजे एका अपघाताची खूण आपण स्वभावाची खूण म्हणून वाचली. त्यांना फिल्मफेअर मिळालं ते मात्र ‘अनाडी’तल्या मिसेस डीसाबद्दल, वरून फटकळ आणि आतून मायाळू घरमालकिणीबद्दल. तोच चेहरा, तोच डोळा. संधी दिली तर त्यातून काय निघू शकत होतं हे १९५९ सालीच दिसलं होतं, पण आपल्याला सासूच हवी होती.

बाईच्या बाबतीत तर ‘शिव्या म्हणजे दाद’ हा युक्तिवाद एक पाऊलही चालत नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. आपण ५ नोव्हेंबरला तिचा दिवस साजरा करतो आणि सांगलीत भाव्यांच्या नावाचं गौरवपदक दिलं जातं. पण त्या नाटकातली सीता कुणी बाईनं केलेली नव्हती, आणि नंतरची जवळजवळ नव्वद वर्षं मराठी नाटकमंडळ्यांमध्ये पुरुषच बायका झाले. बायकांच्या बऱ्यावाईट नाटकमंडळ्याही होऊन गेल्या, नाही असं नाही, पण त्यांच्याकडं पाहिलं गेलं ते कोणत्या नजरेनं, हे सांगायला नको. कोणत्या कायद्यानं बायकांना बंदी होती? कायदा नव्हताच. होतं ते फक्त मत. चारचौघांत तोंडाला रंग लावणारी बाई ती तसलीच. कुणी ते लिहून ठेवलं नव्हतं, कुणी त्यावर सही केली नव्हती, आणि तरी कुठल्याही वटहुकुमापेक्षा ते जास्त चाललं. दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती करायला बाई मिळाली नाही; अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं ती केली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या, त्या किती बोलणी पचवून उभ्या राहिल्या असतील याचा अंदाज बांधायला संशोधन लागत नाही. ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक रंगमंचावर आल्या तेव्हा १९३३ साल उजाडलं होतं. या नव्वद वर्षांत सांगलीत, मिरजेत, साताऱ्यात अभिनयाचं अंग घेऊन जन्मलेल्या किती मुली चुलीपुढं बसून म्हाताऱ्या झाल्या, त्यांचा हिशेब कुठं मांडायचा?

तुम्ही म्हणाल, ते जुनं झालं. तेवढं जुनं नाही. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ आलं. सखाराम होते निळू फुले, चंपा झाल्या लालन सारंग. नाटकाचं जे व्हायचं ते सेन्सॉर आणि कोर्टकचेरीत झालं, पण चंपाची भाषा आणि चंपाचं वागणं यांचा जाब समाजानं लालनबाईंना विचारला. सखारामचा जाब निळूभाऊंना तितक्या कडवटपणे कुणी विचारला नाही. खलनायक तर काय, ते होतेच. आणखी अलीकडं या. सई ताम्हणकर सांगलीच्या. २०१२ साली ‘नो एन्ट्री – पुढे धोका आहे’ मधल्या बिकिनीची चर्चा इतकी झाली, की त्यानंतर ‘बोल्ड’ हा शब्द त्यांच्या नावाआधी पदवीसारखा लागायला लागला. ‘दुनियादारी’, ‘धुरळा’, ‘पाँडिचेरी’ आणि सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळवून देणारी ‘मिमी’ ही कामं एकमेकांपासून किती दूरची आहेत हे बघायला तो शब्द आधी बाजूला सारावा लागतो. काम आवडलं नाही म्हणा, जरूर म्हणा. पण पोहण्याच्या कपड्यांवरून अभिनयाचं माप काढणारं मत आणि १८४३ सालच्या सांगलीचं मत यांत मला फारसं अंतर दिसत नाही.

आत्तापर्यंत तिरस्काराबद्दल बोललो. प्रेमानंही हेच होतं, आणि कधी जास्त होतं. सांगली जिल्ह्यातलं नागठाणे हे बालगंधर्वांचं गाव. म्हणजे नारायणराव राजहंसांचं. त्यांनी रंगमंचावर स्त्रीरूप इतकं घडवलं, की त्यांच्या शालूची, अंबाड्याची, गजऱ्याची नक्कल घरंदाज बायका करत. पण १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त व्ही. शांताराम यांनी त्यांना संत एकनाथांच्या भूमिकेत, पुरुषवेषात उभं केलं, तेव्हा महाराष्ट्राला ते रुचलं नाही. ज्या माणसाला आपण बाई म्हणून डोक्यावर घेतलं तो पुरुष होऊन आला तर आपल्याला तो परका वाटला. विनोद कसला तर बघा, पुरुष असणं हीच त्या नटाला न शोभणारी भूमिका ठरली. ‘प्रभात’च्याच ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीसांचं उलटं झालं. तेही आधी स्त्रीभूमिका करणारे, पण १९३६ नंतर लोकांनी त्यांना तुकोबाच करून टाकलं. मग तुलसीदास, मग नरसी भगत. संत सोडून दुसरं कोण व्हायचं? आणि लक्ष्मीकांत बेर्डे. १९९२ साली पु. ल. देशपांड्यांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन आणि तमाशातून पुढं येत नट आणि मग राजकारणी होणारा आबुराव, असा ‘एक होता विदूषक’ आला. राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. तिकीटबारीवर तो चालला नाही. लक्ष्या पडद्यावर आला की हसायचं हे आधीच ठरवून आलेला प्रेक्षक खुर्चीत होता, आणि ती त्या नटाच्या आयुष्यातली सर्वांत गंभीर कामगिरी होती. पुढं त्याच्या वाट्याला असा दुसरा आबुराव आला नाही. चित्रपट संथ होता, लांबला होता, असं म्हणणारे आहेत आणि त्यांचं ऐकायला माझी हरकत नाही. पण ती तक्रार पटकथेची आहे. तिची किंमत नटानं का मोजावी?

याच ठिकाणी आपलं रोजचं मत घसरतं: दोष कुणाचा, हे न बघता चेहरा दिसतो त्याच्यावर तो टाकून द्यायचा. मालिकांचं घ्या, कारण त्या आता आपल्याच शिवारात होतात. ‘लागिरं झालं जी’पासून साताऱ्याच्या गावांत मालिकांचे तळ पडायला लागले. घरं भाड्यानं गेली, जेवणाचे डबे गेले, गावातली पोरं गर्दीत उभी राहिली. तुमच्यातल्या अनेकांनी शूटिंग जवळून पाहिलंय, म्हणून तुम्हाला सांगायला सोपं. सासूच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा धावून येतो आणि आपण म्हणतो, ‘काय ती ओव्हरॲक्टिंग!’ तो शॉट घेतला जात असतो तेव्हा बऱ्याचदा समोर सून नसतेच. तिचं त्या दिवसाचं काम आटपून ती गेलेली असते. कॅमेऱ्याशेजारी एखादा सहायक उभा राहून सुनेची वाक्यं कोरड्या आवाजात वाचतो. नटी लेन्सच्या बाजूला दाखवलेल्या जागेकडे बघत डोळे मोठे करते, दिग्दर्शक ‘होल्ड, होल्ड’ म्हणतो, ती श्वास धरून थांबते. मग संकलनात तोच तुकडा तीनदा जोडला जातो आणि वर ढोल वाजवला जातो. यातलं तिचं किती? संवादाची पानं सेटवर सकाळी हातात पडलेली, रोजच्या रोज भाग गेलाच पाहिजे हा धोशा, आणि कथा कुठं चाललीय हे लेखकालाही महिनाभर पुढचं ठाऊक नसण्याची शक्यता. ‘मालिकेत काय काम असतं!’ असं म्हणण्याआधी एक तारीख आठवावी, २२ सप्टेंबर २०२०. ‘मत्स्यगंधा’ ज्यांनी अजरामर केली त्या आशालता वाबगावकर ‘आई माझी काळूबाई’च्या साताऱ्यातल्या चित्रीकरणात करोनाग्रस्त झाल्या आणि साताऱ्यातच गेल्या. वय एकोणऐंशीच्या घरात. रहिमतपूरला जन्मलेल्या वसंत कानेटकरांच्या याच नाटकानं ज्यांना नाव दिलं, त्यांचा शेवट असा याच जिल्ह्यात, कामावर असताना झाला.

‘नॅचरल आहे’ ही आपली लाडकी शाबासकीसुद्धा मला संशयास्पद वाटते. ‘सैराट’नंतर रिंकू राजगुरूबद्दल हेच बोललं गेलं: ती तशीच आहे, अकलूजची आहे, बुलेट चालवते, तिनं वेगळं काय केलं? राष्ट्रीय पुरस्काराच्या परीक्षकांना विशेष उल्लेख करण्याइतकं काहीतरी दिसलं होतं. शाळकरी वयाची मुलगी पन्नास माणसांच्या घोळक्यात, दिव्यांच्या उजेडात तेच वाक्य दहाव्यांदा म्हणते आणि ते पहिल्यांदा म्हटल्यासारखं वाटतं, याला तशीच असणं म्हणत नाहीत. सहज दिसणारं काम हे काम नव्हेच, असं धरून चाललो तर मेहनत फक्त ओरडणाऱ्याच्या खात्यावर जमा होईल, आणि मग ओरडतो म्हणून तक्रार करायलाही आपणच पुढं.

बोलीच्या बाबतीत मात्र मी तुमच्या मताला कुठल्याही समीक्षकापेक्षा जास्त मान देईन. मुंबईचा नट ‘आलतो, गेलतो’ म्हणतो तेव्हा तो सातारी बोलतोय की सातारी बोलणाऱ्याची नक्कल करतोय, हे तुम्हाला एका वाक्यात कळतं. सांगलीची आणि साताऱ्याची बोली एकाच पातेल्यात ढवळली की तुम्हाला ठसका लागतो. हे खरं मत आहे, कारण त्याला कानाचा आधार आहे. सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांची ख्याती केवळ ‘शारदा’ लिहिणारे म्हणून नव्हती. तालीम मास्तर म्हणून नट त्यांना वचकून असत. उच्चार, ठेहराव, वाक्य कुठं सोडायचं, कुठं धरायचं, हे ते घासून घेत. त्या परंपरेतल्या प्रेक्षकानं ‘दिसतोच हलकट’वर थांबावं याचंच वाईट वाटतं. राज्य नाट्य स्पर्धेत हौशी संघाचं नाटक पाहून बाहेर पडलेली माणसं चहाच्या गाडीवर प्रकाशयोजनेपासून पाठांतरापर्यंत सगळं सोलून काढतात. तीच माणसं घरी टीव्हीसमोर बसली की चेहऱ्यावरून पत्रिका मांडतात.

आता दोन आक्षेप, जे मला टाळता येण्यासारखे नाहीत. पहिला असा, की नट स्वतःच आपली प्रतिमा विकतात. दुकानाच्या उद्‌घाटनाला, दहीहंडीला ते भूमिकेच्या नावानं येतात, मालिकेतला डायलॉग मारतात, पाकीट घेतात. वाहिनीही जाहिरात करते ती पात्राची. नितीश भारद्वाज कृष्णामुळं, दीपिका चिखलिया सीतेमुळं घराघरांत पोचले नसते तर लोकसभेत पोचले असते का? हे सगळं खरं आहे आणि त्यात नटांचा दोष आहेच. पण विक्री होते ती गिऱ्हाईक आहे म्हणून. आणि फायदा होतो तो देवाच्या, राजाच्या, नायकाच्या भूमिकेचा. सासू, सावकार आणि चंपा यांना असलं पाकीट क्वचितच मिळतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार. नट भूमिका निवडतो, मग तिचं उत्तरदायित्व त्याच्याकडं नाही का? २०२२ च्या जानेवारीत डॉ. अमोल कोल्हे यांच्याबाबतीत हा प्रश्न उभा राहिला. मालिकांतून शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज साकारलेले, तोवर खासदार झालेले कोल्हे, पाच वर्षांपूर्वी केलेल्या एका चित्रपटात नथुराम गोडसेच्या भूमिकेत दिसले. विरोध झाला, खुलासे द्यावे लागले. माझ्या मते निवडीबद्दल प्रश्न विचारणं रास्तच आहे. ही भूमिका का घेतली, चित्रपट त्या पात्राकडं कोणत्या नजरेनं बघतो, त्यातून काय पोचतं, हे विचारावं आणि लोकप्रतिनिधीला तर जास्तच विचारावं. पण हे प्रश्न चित्रपट पाहून विचारायचे असतात. पोस्टरवरचा वेष पाहून माणसाचं अंतःकरण सांगणं हे त्यांचं उत्तर नव्हे. नाहीतर ‘सामना’ पाहून निळूभाऊंना साखरसम्राटांचा माणूस म्हणायला आपण मोकळे.

‘देवमाणूस’ मालिकेनं ही कसोटी थेट आपल्या उंबऱ्यावर आणली. २०१६ साली वाई तालुक्यात धोम परिसरात उघडकीला आलेल्या खुनांवर ती बेतलीय असं सगळीकडे बोललं गेलं. ज्या गावांनी खरी माणसं गमावली, त्यांना ही गोष्ट रात्रीची करमणूक म्हणून विकली जाणं खुपलं असेल तर ते खुपणं मला पूर्ण मान्य आहे. त्याचा जाब वाहिनीला, निर्मात्याला, लेखकाला विचारता येतो: खुन्याला किती आकर्षक करायचं, मेलेल्यांना किती जागा द्यायची, मालिका किती ताणायची. त्यात खुनी डॉक्टर साकारणाऱ्या किरण गायकवाड यांच्याकडं मात्र वेगळा प्रश्न न्यायचा. ‘लागिरं’मधला भैय्यासाहेब आणि हा डॉक्टर, दोघंही वाईट, पण एकाचा वाईटपणा छाती काढून चालतो आणि दुसऱ्याचा खाली मान घालून, गोड बोलत. हा फरक त्यांनी कशानं केला? आवाज कुठं उतरवला, नजर कधी उचलली? यावर वाद घाला, काम फसलं असं वाटलं तर तसं ठणकावून सांगा.

शेवटी एक मागणी, आणि तिच्यात तुमचाही हात लागेल. मालिकेच्या अखेरीस नावं येतात ती अशी धावतात, की कथा कुणाची, संवाद कुणाचे, संकलन कुणाचं हे सूक्ष्मदर्शक लावूनही वाचता येत नाही. कित्येकदा ती येण्याआधीच उद्याच्या भागाची झलक पडदा व्यापते. मग राग आला की तो चेहऱ्यावर निघतो, कारण दुसरं नाव आपल्याला माहीतच नसतं. वाहिन्यांना पत्रं लिहून ही नावं वाचता येतील इतकी थांबवायला लावावीत. निदान संवादलेखकाचं आणि दिग्दर्शकाचं. सासूनं अतिरेक केला असं वाटलं, तर तक्रार कुणाच्या पत्त्यावर टाकायची ते तरी आधी कळू दे.

आपला,
तुमच्यातलाच एक प्रेक्षक
महाबळेश्वर